छत्रीमागे आठ दिवस, नकाशामागे चार

३ मार्च, मंगळवार

शेवटी ठरलं. आम्ही परदेशी जाणार. म्हणजे जायचं एवढं ठरलं. कसं जायचं यावर दुपारपासून घरात दोन पक्ष पडले आहेत आणि माझ्या पक्षात मी एकटाच आहे.

एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. पुस्तकात न बघता कुठलाही खंड फळ्यावर हातानं काढून दाखवायचो, नद्यांसकट. पोरं टाळ्या वाजवायची. पण स्वतःच्या पायांनी एकही सीमा ओलांडली नाही. निवृत्त झाल्यापासून हे मनात सलत होतं. आता जायचं तर मोहिमेवर निघाल्यासारखं जायचं, म्हणून ही वही.

ही म्हणते, टूर कंपनीबरोबर जाऊ. म्हणजे एक बाई छत्री उंच धरून पुढे, आणि मागून चाळीस माणसं मेंढरांसारखी. ज्याला नकाशा वाचता येतो त्यानं छत्रीच्या मागे चालायचं? मी साफ नाही म्हणालो.

"तिथे कोणी काही सांगितलं तर कळायला नको?" ही म्हणाली.

"इंग्रजी येतं मला."

"इंग्रजीचं नाही हो म्हणत मी."

मग कशाचं, ते तिनं सांगितलंही, पण भांडी विसळता विसळता. ही सगळं महत्त्वाचं वाहत्या नळाशी का बोलते कोण जाणे. मी आपलं "बघू" म्हणून टाकलं.

६ मार्च, शुक्रवार

सकाळी फिरायला गेलो आणि लॅचची किल्ली विसरलो. या महिन्यात दुसऱ्यांदा. परत येऊन बेल दाबली तर बेल मेली. चांगली पाचसात वेळा दाबली. ही दार उघडून म्हणते, "अहो, पुरे! सगळी बिल्डिंग जागी केलीत."

दुपारी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं बटण दाबलं, माझ्याकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, बेल ठीक आहे. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. हल्ली कोणाला काम म्हणून येत नाही.

मला एक कळत नाही. मी निघतो तेव्हा ही स्वयंपाकघरात रोज काहीतरी पुटपुटत असते. मीही "हो, हो" म्हणतो. त्यापेक्षा किल्लीची आठवण केली तर काय बिघडेल?

८ मार्च, रविवार

लेक आणि जावई जेवायला आले. जावई भला माणूस आहे, पण तोंडातल्या तोंडात बोलतो. त्याच्या घरच्यांनी लहानपणीच सांगायला हवं होतं.

लेकीपुढे माझी योजना मांडली: तिकिटं आपण काढायची, मुक्काम आपण शोधायचे, वाटेल तिथे उतरायचं. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग माझ्याजवळ सरकून मोठ्यांदा म्हणाली, "बाबा, आधी एकदा कान दाखवून या ना. मग कसेही जा."

माझे कान! माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर पेन्सिलचं टोक मोडलं तरी मला कळायचं. मी म्हटलं, कान उत्तम आहेत, तुम्ही लोकं पुटपुटायचं थांबवा. यावर ही काहीतरी म्हणाली आणि लेक आणि जावई पोट धरून हसले. काय म्हणालीस, असं तीनदा विचारल्यावर हिनं चौथ्यांदा ओरडून सांगितलं, "भिंतींना कान असतात म्हणे. या घरात तेवढेच उरलेत!"

चारदा सांगितलेला विनोद शिळा होतो. मी काही हसलो नाही. हीसुद्धा नंतर गप्प गप्प होती. ती तशी हल्ली गप्पच असते. वय झालं की माणूस अबोल होतं.

१४ मार्च, शनिवार

इकडे आड, तिकडे विहीर. तीन दिवस झाले हिनं अबोला धरून, म्हणजे माझ्या लक्षात तिसऱ्या दिवशी आलं. मग म्हटलं, चल, कंपनीच्या ऑफिसात जाऊन येऊ, बघायला काय जातंय.

ऑफिसात भिंतभर डोंगरांचे फोटो आणि एक चुणचुणीत मुलगी. मी सतरा प्रश्न लिहून नेले होते: मुक्काम गावात की गावाबाहेर, संग्रहालयात किती तास, वगैरे. हिनं एकच विचारला. तोही अगदी पुढे वाकून, "ते कानात घालायचं यंत्र सगळ्यांना देता ना? गाईड लांबून बोलते आणि आपल्याला ऐकू येतं, ते? माझी मैत्रीण सांगत होती."

मुलगी म्हणाली, देतो की. हिनं लगेच पर्स उघडून फॉर्म भरायला पेन काढलं. बस कशी, जेवण कसं, काही नाही. फुकट मिळणाऱ्या वस्तूचा मोह माणसाला कुठे नेईल सांगता येत नाही.

पण मीही भूगोलाचा मास्तर. सीमारेषा आखल्याशिवाय तह करत नाही. तह असा: पहिले आठ दिवस कंपनीबरोबर. आठव्या दिवशी टूर संपते त्याच शहरात आपण उतरून राहायचं, आणि पुढचे चार दिवस आपले आपण. त्या चार दिवसांत माझं काही चुकलं, तर पुन्हा जन्मात छत्रीला नावं ठेवणार नाही. नाही चुकलं, तर यापुढे कायम माझ्या पद्धतीनं.

ही विचार करून म्हणाली, "चालेल." इतक्या लवकर? मला वाटतं तिलाही मनातून माझी पद्धत पटलेली आहे.

२ एप्रिल, गुरुवार

चार दिवसांचा आराखडा तयार. शहराचा नकाशा स्वतः काढला. ट्रामच्या सात मार्गांना सात रंग. हिला दाखवला. "सुंदर आहे हो," म्हणाली, आणि त्यावर बराच वेळ बोट फिरवत बसली. मग विचारलं, "आणि मी हरवले तर?" मी म्हटलं, तू कशी हरवशील? मी पुढे, तू मागे, नेहमीसारखं.

९ मे, शनिवार

पोहोचलो! विमानातून खाली नदीचं वळण दिसलं, अगदी मी फळ्यावर काढायचो तसंच. डोळ्यांत पाणी आलं ते लिहून ठेवतो, कारण हिनं बघितलं आहे आणि ती लेकीला सांगणारच.

छत्री आहे. लाल आहे. ती धरणारी बाई बुटकी, तुरुतुरु चालणारी, आवाज खणखणीत. मी तिचं नाव छत्रीबाई ठेवलं. तिनं सगळ्यांना गळ्यात अडकवायची एकेक डबी आणि कानात घालायचं बोंडुक दिलं. ती कॉलरला लावलेल्या माईकमध्ये बोलते, आपण कुठेही असलो तरी ऐकू येतं. मी आधी नको म्हणालो. हिनं स्वतःच्या हातानं माझ्या कानात घातलं आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं.

११ मे, सोमवार

छत्रीबाई विलक्षण बोलते! एकेक शब्द मोत्यासारखा. घंटाघर दोनशे पावलांवर, ती तिथे, मी इथे कबुतरं बघत उभा, आणि तिचं बोलणं थेट डोक्यात. घड्याळजीची गोष्ट सांगितली, अथपासून इतिपर्यंत कळली. हल्ली इतकं स्पष्ट बोलणारं माणूस मी पाहिलेलं नाही. तिला तसं सांगितलं. तिनं माझ्याकडे बघितलं, मग हिच्याकडे, आणि फार प्रेमानं हसली.

बसमध्ये माझ्या शेजारी एक दंतवैद्य आहेत. ते काहीतरी हातवारे करत होते. शेवटी कागदावर लिहून दिलं: "तुमच्या डबीचा आवाज इतका आहे की मी माझी बंद ठेवतो. चालेल ना?" चिक्कू माणूस, बॅटरी वाचवतो.

कबूल करायला हवं, थोडी मजा येते आहे.

१३ मे, बुधवार

छत्रीबाईचा घसा बसला. दुपारी बसचा प्रवास चार तासांचा. तिनं माईक मागे पाठवला, म्हणाली, आज तुम्ही बोला, प्रत्येकानं आपली एक गोष्ट सांगा. दंतवैद्यांनी एका घाबरट पैलवानाच्या दाढेची सांगितली. मग माईक हिच्याकडे आला. मी खिडकीशी होतो. बायकांच्या गप्पांसाठी ही तीन रांगा मागे.

हिनं आमच्या लग्नानंतरची पहिली सहल सांगितली. मी शॉर्टकट म्हणून दुसऱ्याच डोंगरावर नेलं होतं, आणि वर पोहोचल्यावर म्हणालो होतो, "डोंगर बरोबर आहे, देऊळ चुकीच्या जागी बांधलंय." सगळी बस हसली. मीही हसलो. पण मध्येच मला काहीतरी झालं. हिच्या आवाजात वाक्य संपताना एक छोटं हसू येतं. शब्द संपतो आणि ते हसू मागून येतं, दार लोटून आल्यासारखं. लग्नाआधी मी त्या हसण्यावरच भाळलो होतो. ते मी किती वर्षांत ऐकलं नव्हतं? मला वाटायचं, वयानं गेलं.

माईक उत्तम कंपनीचा असावा. छत्रीबाईला विचारलं पाहिजे.

१६ मे, शनिवार

टूर संपली. दंतवैद्यांनी मिठी मारली. चिक्कू म्हणालो ते मागे घेतो. छत्रीबाई हिला बाजूला घेऊन बराच वेळ बोलली, एक कापडी पिशवी दिली, आणि माझ्याकडे बोट करून काहीतरी म्हणाली. पिशवीत काय आहे विचारलं तर ही म्हणे, "बायकांचं आहे." डबी परत करताना मला उगाच चुकल्यासारखं वाटलं.

बस गेली आणि शहर एकदम शांत झालं. इतकं शांत शहर असेल असं नकाशावरून वाटलं नव्हतं. उद्यापासून माझे चार दिवस.

१७ मे, रविवार

जसं झालं तसं लिहितो.

सकाळी आराखड्याबरहुकूम निघालो. ट्रामचा थांबा, हिरवा मार्ग, सगळं बिनचूक. ही समोरच्या दुकानातून पाणी आणायला गेली. मी थांब्यावरचा नकाशा माझ्या नकाशाशी ताडून बघत होतो. एक चूक सापडली, माझ्या नव्हे, त्यांच्या नकाशात. ट्राम आली. मी पुढे, ही मागे, नेहमीसारखं. चढलो. दार बंद झालं.

आतली माणसं मला हात करत होती. एक मुलगी तर काचेकडे बोट दाखवून हात हलवत होती. माणसं काय छान आहेत इथली, असं म्हणून मीही सगळ्यांना हात केला. मग मागे वळून हिला म्हणालो, "बघ, ओळख ना पाळख." मागे एक माणूस सायकल धरून उभा होता.

तीन थांबे गेले होते. उतरलो. परतीची ट्राम कुठून मिळते ते नकाशात लिहिलेलं होतं, पण नकाशा उघडायचं काय, फोन करायचंही सुचलं नाही. चालत निघालो, म्हणजे जवळजवळ पळत. वीस मिनिटं. सगळ्या रस्त्यात एकच विचार: तिच्याकडे हॉटेलचा पत्ता नाही. पत्ता माझ्या वहीत. तिकिटं माझ्याकडे. मी पुढे, ती मागे, या पद्धतीत मागच्या माणसाकडे काही ठेवायचं असतं हे एकतीस वर्षं सहली नेणाऱ्या मास्तरला सुचलं नव्हतं.

ही थांब्यावरच्या बाकावर बसली होती. शेजारी एक अनोळखी म्हातारी, हिचा हात हातात धरून. मला बघितल्यावर ही उठली नाही.

मी धापा टाकत म्हणालो, "हाक नाही का मारायची?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग मोठ्यांदा, एकेक शब्द सोडवून म्हणाली, "चार हाका मारल्या. रस्त्यावरची सगळी माणसं थांबली. तुम्ही सोडून."

"मग फोन करायचा."

"अकरा केले."

बॅगेच्या आतल्या कप्प्यातून फोन काढला. अकरा मिस्ड कॉल. आवाज बंद राहिला असेल म्हणून बघितलं. आवाज पूर्ण होता. मी म्हटलं, फोन बिघडला. तिनं आपला फोन काढला आणि माझा नंबर लावला.

फोन माझ्या तळहातावर उजळला, थरथरायला लागला. मी तो कानाशी नेला. काही नाही. ट्रामचा घरघराट येत होता, पण फोनचं काहीच नाही. वर बघितलं तर त्या म्हातारीनं दोन्ही कानांवर हात दाबून धरले होते.

बेल बिघडली नव्हती. इलेक्ट्रिशियनला काम येत होतं. जावई नीट बोलतो. मी बाकावर बसलो.

मग हिनं ती कापडी पिशवी काढली. आत एक डबी, एक बोंडुक आणि छत्रीबाईचा जादा माईक. "दुसऱ्याच दिवशी ओळखलंन तिनं. परत गेल्यावर ऑफिसात द्या म्हणाली." बोंडुक तिनं माझ्या कानात घातलं. माईक स्वतःच्या गळ्याशी लावला. आणि हळू, साध्या आवाजात बोलली. मी शब्दन् शब्द ऐकला, तो तसाच लिहितो.

"तीन वर्षं तुमच्याशी ओरडून बोलतेय. ओरडून काय बोलता येतं? जेवायला चला. नळ बंद करा. एवढंच. बाकीचं ओरडून बोललं की भांडणासारखं वाटतं. म्हणून सोडूनच दिलं बोलायचं. कंपनीबरोबर जाऊ म्हटलं ते त्या बाईचं ऐकायला नव्हे. मला वाटलं, एकदा तुम्हाला कळेल तरी, ऐकू येणं काय असतं."

मला रडू आलं. भर रस्त्यात, परदेशात, अनोळखी बाईसमोर. म्हातारीनं पर्समधून कागदी रुमाल काढून दिला. भाषा येत नसली तरी तिला सगळं कळलं होतं. मलाच काय ते तीन वर्षं लागली.

तहात मी हरलो आहे. चूक माझी झाली, तीही पहिल्याच दिवशी. संध्याकाळी हिला म्हणालो, तू जिंकलीस, छत्रीला पुन्हा नावं ठेवणार नाही. उद्याच्या एखाद्या टूरमध्ये जागा आहे का बघू.

"कशाला?" ही म्हणाली, कानात. "यंत्र आहे, नकाशा आहे. अजून तीन दिवस आहेत."

१८ मे, सोमवार

आज जगातली सर्वात लहान टूर निघाली. प्रवासी एक, गाईड एक. ही पुढे, मी मागे. नकाशा माझ्या हातात, पण "डावीकडे" म्हणायला मला पळत जाऊन तिला गाठावं लागत होतं, कारण यंत्र एकाच बाजूनं बोलतं. ही म्हणाली, "तीस वर्षं तुम्ही बोललात, आता ऐका."

गाईड म्हणून ती छत्रीबाईच्या पासंगाला पुरत नाही. राजवाड्यासमोर उभं राहून सांगितलं, "हा कोणीतरी राजानं बांधला. पडदे धुवायला झालेत." पण मी कुठल्याही गाईडचं इतकं लक्ष देऊन ऐकलेलं नाही. पुलाच्या त्या टोकाला ती, या टोकाला मी, मध्ये शंभर माणसं, आणि ती माझ्या कानात सांगते आहे की जावयाला नोकरी बदलायची आहे, लेकीला आधीच ठाऊक आहे, आपल्याला दोन महिन्यांपूर्वी जेवताना सांगितलं होतं आणि मी "छान, छान" म्हणालो होतो.

अजून कशाकशाला छान म्हणालो आहे, विचारायचा धीर झाला नाही.

१९ मे, मंगळवार

संग्रहालय. आराखड्यात तीन तास होते. पाऊण तासात बाहेर आलो आणि उरलेला वेळ पायऱ्यांवर बसलो. ही बोलत होती. माझ्यापासून हातभर अंतरावर बसूनही माईकमध्ये. आज काही बघितलं नाही, असं भूगोलाच्या दृष्टीनं लिहावं लागेल.

११ जून, गुरुवार

काल कानात यंत्रं बसवली. दोन. लेक बरोबर आली होती. डॉक्टरांनी तपासून आलेख दाखवला. उजवीकडे एकदम कडा कोसळल्यासारखा. पातळ, उंच आवाज सगळे त्या कड्याखाली गेले होते, म्हणाले. बेल, फोन, बायकोचा आवाज.

घरात काय काय वाजतं! माझ्या चपला फटफट करतात हे मला कोणी कधी सांगितलं नाही. सांगितलं असेल. बेल तर भयंकर आहे. सहा मार्चला मी ती पाचसात वेळा दाबली होती. आज इलेक्ट्रिशियनला गाठून माफी मागितली. तो घाबरून म्हणाला, पुन्हा बिघडली का?

छत्रीबाईची पिशवी ऑफिसात दिली. चुणचुणीत मुलीनं विचारलं, पुढच्या वर्षी काय, ग्रुपबरोबर की आपले आपण? आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी म्हटलं, आम्हा दोघांचा ग्रुप आहे. कागदपत्रं मात्र हिच्या पर्समध्ये.

आता आज सकाळचं. रोजच्यासारखा फिरायला निघालो, दारापाशी चपला घालत होतो. ही स्वयंपाकघरात. आणि तिकडून तिचं रोजचं पुटपुटणं आलं. ओरडून नाही, उत्तर येईल अशी आशा न धरता, हातातलं काम करता करता, सवयीनं.

"किल्ली घेतलीत का?"

तीन वर्षं. रोज. आणि मी म्हणत होतो, "हो, हो."

किल्ली खिशात होती, मुठीत धरलेली. तिचं बोलणं मला स्वच्छ ऐकू आलं होतं, शेवटचं ते छोटं हसूसुद्धा. तरी दारातूनच मोठ्यांदा विचारलं, "काय म्हणालीस?"

तिनं पुन्हा सांगितलं.